खलनायकाच्या तोंडून वारा

१

तो आवाज उत्तरा निमकरांनी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा त्यांना गाणारीचं तोंड दिसलं नव्हतं. काला अंबच्या मैदानावर धुकं इतकं दाट होतं की दिल्लीहून मराठी मंडळाच्या बसने आलेली माणसं एकमेकांच्या शाली धरून चालत होती. पानिपतात पडलेल्यांना फुलं वाहून झाली, भाषण झालं, आणि मग त्या पांढऱ्या अंधारातून कुणी बाई गाऊ लागली :

धुकं पडलं रानात, वाट दिसेना दिसेना
गेल्या लेकराची माय, दारातून गं हालेना

शेवटच्या शब्दाआधी ती श्वास घ्यायची. जिथे दुसरं कुणी थांबणार नाही, नेमकं तिथे. मग तो शब्द अलगद खाली ठेवायची, निजलेलं मूल खांद्यावरून उतरवून अंथरुणात ठेवावं तसा. उत्तराताई तेव्हा सरकारी प्रयोगशाळेत आवाज तपासायच्या. खंडणीचे फोन, धमक्यांच्या कॅसेट, कोण बोललं आणि कोण नाही. आवाज ऐकला की त्याचा सांगाडा त्यांच्या डोक्यात आपोआप उभा राहायचा. हाही राहिला. पुढे त्या बाईशी ओळख झाली, मग शेजार झाला. सुहासिनी टिपणीस.

त्याला खूप वर्षं झाली. आता उत्तराताई निवृत्त होत्या, आणि जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दिल्लीतल्या पटपडगंजच्या संगम सोसायटीच्या हॉलमध्ये स्वेटरवर शाल घेऊन बसल्या होत्या. समोरच्या पडद्यावर बर्फ पडत होता.

सिनेमा फिनलंडचा. नाव ‘लोखंडी घुबड’. मित्रामित्रांनी सुट्टीच्या दिवशी जमून काढलेला. हिरो दिवसा नगरपालिकेच्या गॅरेजात बर्फ उपसायच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि अंधार पडला की गुंडांना बदडत फिरायचा. अंगात काळं रंगवलेलं आइस हॉकीचं चिलखत, पाठीवर गाडी झाकायची ताडपत्री, डोक्यावर पत्र्याची दोन पिसं. हिरोची आई म्हणून दिग्दर्शकाची खरी आई होती. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये तुंबळ मारामारी चालली असताना मागे एक म्हातारी निवांत कुत्रं फिरवत होती. तिला बाजूला व्हा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आणि खलनायक, वेल्डरचा मुखवटा घातलेला ‘हिमराजा’, म्हणजे सुहासिनीचा मुलगा अंशुमन. म्हणून तर संध्याकाळी संगम मराठी मंडळाने खास खेळ ठेवला होता. आत्ता फक्त चाचणी चालली होती.

हिमराजा छतावर चढला. हात पसरले. आता हा शहराला धमकी देणार, म्हणून हिरोने मान वर केली. मुखवटा हलला, आणि त्यातून वारा आला. नुसता वारा, फांद्यांतून सूं सूं करत जाणारा. हिरो दचकून मागे सरला. हिमराजा पुन्हा बोलला, पुन्हा वारा. आणि पुढच्या दृश्यात जेव्हा खरोखरचं वादळ सुटलं, तेव्हा त्या वादळातून व्हायोलिन वाजू लागलं.

“ये क्या है भई,” मंडळाचे सचिव श्यामकांत म्हणाले. “फिनलंडमध्ये असंच असतं का?”

लॅपटॉपपाशी अंशुमनची धाकटी बहीण तनया बसली होती. नोएडात एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत ती काम करायची. तिने चित्र थांबवलं, ड्राइव्ह उघडून बघितला.

“ह्यात चित्र वेगळं आहे आणि आवाज सुटे सुटे आहेत,” ती म्हणाली. “नंबराप्रमाणे जुळतात. पण खलनायकाचा आवाजच नाहीये. कुणीतरी काढलाय.”

“काढलाय म्हणजे? चोरी?”

मागच्या रांगेतून अंशुमन उठला. चाळिशीला टेकलेला, शांत, खांदे थोडे वाकलेले.

“राहू दे ना, श्यामकांतकाका,” तो म्हणाला. “असाच दाखवा. कुणाला काही कळणार नाही.”

उत्तराताईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. ज्याचा आवाज चोरीला गेला होता, तोच म्हणत होता, राहू दे.

२

“उत्तराताई, तुम्ही सीबीआयवाल्यांची कामं केलीत. हे तर घरचं आहे,” श्यामकांतांनी खुर्ची जवळ ओढली. “मी नाव घेत नाही, पण ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असं ह्या सोसायटीत कोण आहे? तनयाच ना? भावाबहिणीचं पटत नाही, सगळ्यांना माहितीय.”

“तुम्हाला तरी कुठे हा सिनेमा हवा होता?” उत्तराताई म्हणाल्या. “मागच्या मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणालात, हिरोचं नाव घुबड, संक्रांतीच्या महिन्यात शोभतं का.”

“ते बोललो मी. बिल्कुल बोललो. पण अंशुमनला शोधला कुणी? मीच. भाच्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, तर त्यात खाली नाव, अंशुमन टिपणीस. मी म्हटलं, अरे, हा तर आपल्या विश्वासराव टिपणिसांचा मुलगा. आम्ही तर इतकी वर्षं ऐकत होतो की मोठ्या टेलिकॉम कंपनीत आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “मग विश्वासरावांनी स्वतः फोन करून बोलावलं त्याला. आला बिचारा. पण बाप-लेक बघा. तीन दिवस झाले, धुकं आणि तापमान ह्यापलीकडे बोलणं नाही.”

“ड्राइव्ह कुठे होता इतके दिवस?”

“त्यांच्याच घरी. टीव्हीशेजारी. मी शुक्रवारी चहाला गेलो तेव्हा बघितला. घेतला मात्र नाही हं.”

“तो व्हिडिओ आहे अजून?”

श्यामकांतांनी फोन पुढे केला. कुठल्याशा फिनिश शहरातलं छोटंसं थिएटर. लोकरीच्या टोप्या घातलेली पोरं-पोरी, हातात बिअरचे डबे. पडद्यावर हिमराजा येताच सगळी उभी राहिली आणि त्याच्याबरोबर तेच संवाद ओरडू लागली, हसत, एकमेकांना टाळ्या देत. त्यांचा हा आवडता खेळ असावा.

“फिनिशमध्ये काय काय म्हणतात कुणास ठाऊक,” श्यामकांत कौतुकाने म्हणाले.

उत्तराताईंनी पिशवीतून हेडफोन काढले. गर्दीच्या आवाजाखाली सिनेमाचा आवाज होता, यंत्राने खोल उतरवलेला, विहिरीच्या तळातून यावा तसा. त्यांनी तो पुन्हा ऐकला. मग डोळे मिटून आणखी एकदा.

ते फिनिश नव्हतं. थिएटरभर परकी पोरं मोडक्यातोडक्या मराठीत ओरडत होती : बाबांना तुझं तोंड बघायचं नाही. लाज नाही वाटत तुला?

३

अंशुमन गच्चीवर सापडला. ऊन नव्हतंच, नुसता उजेड होता, धुरकट. तो पाण्याच्या टाकीला टेकून उभा होता.

“तिकडे हा उन्हाळाच म्हणायचा,” तो हसून म्हणाला. “बसा ना मावशी, गार लागेल.”

“अंशू, तिकडून आवाज किती आले होते?”

“पाच. एक हिरो, दोन बाकीची माणसं, तीन हिमराजा, चार वारा, पाच संगीत.”

“आणि आता चार आहेत. एक, दोन, तीन, चार.”

“असतील.”

“सुटे का मागवलेस? लोक सिनेमा आणतात तो जोडलेला आणतात.”

खाली कुणीतरी मटार सोलत फोनवर बोलत होतं.

“मला तो एक आवाज बदलायचा होता,” तो शेवटी म्हणाला. “तनूच्या स्टुडिओत जाऊन माझ्याच आवाजात पुन्हा बोलणार होतो. इथे लोकांना मराठी कळतं ना. पण तनूला कसं विचारू? ती विचारणार, का बदलतोस. उद्या विचारू, उद्या विचारू म्हणत राहिलो. आणि कुणीतरी माझ्याआधीच काढून टाकला. म्हणजे कुणीतरी ऐकला.”

“तो आवाज तुझा नाही.”

“तुमच्यापुढे खोटं कशाला बोलू.” त्याने खिशात हात घातले. “फोनवर आलेला निरोप होता, रेकॉर्ड झालेला. मला तो ऐकवायचा नाही आणि पुसवायचाही नाही. दिग्दर्शकाला अशी भाषा हवी होती जी तिकडे कुणालाच कळणार नाही, भुताची वाटेल अशी. मी निरोप खाली उतरवला. आणखी खाली. माणूस ओळखू येईना झाला तेव्हा म्हटलं, हा घ्या तुमचा राक्षस. लोकांना फार आवडला. तो आवाज लागला की मी मुखवट्यात उभा राहून ओठ हलवायचो. बरं वाटायचं. मुखवट्याचा तो फायदा असतो.”

“त्या फाइलमध्ये मूळ निरोपही होता?”

“शेवटी तसाच चिकटलेला राहिला होता. आम्ही काही फार टापटिपीने काम करणारी माणसं नाही.” तो टाकीपासून दूर झाला. “मावशी, शोधू नका. संध्याकाळपर्यंत थांबत नाही मी. टॅक्सी बोलावलीय, विमानतळावर जाऊन बसतो. ज्यांना माझं तोंड बघायचं नाही, त्यांनी मंडळासाठी म्हणून तीन दिवस बघितलं. पुरे झालं. ह्यावेळी गेलो की परत येणं होणार नाही.”

४

तनया हॉलच्या पायरीवर बसून थर्मासमधला चहा पीत होती.

“श्यामकांतकाकांनी माझंच नाव सांगितलं असेल,” ती म्हणाली. “सांगू दे. पण मावशी, मी काढला असता तर असा काढला नसता. मी काढला असता तर उरलेल्यांना हातही लावला नसता. एक, दोन, चार, पाच. मग लॅपटॉपने सांगितलं असतं, तीन नंबर सापडत नाही, आणि खलनायक गप्प राहिला असता. इथे कुणीतरी चारचा तीन केला, पाचचा चार केला. म्हणून वारा त्याच्या तोंडात गेला. ज्याने केलं त्याला हे कसं चालतं ते कळतच नव्हतं.”

“तू दादावर रागावलीस ना?”

“रागावू नको तर काय करू? माझ्या लग्नाला सख्खा भाऊ नाही. सासरच्यांना काय काय सांगितलं आम्ही. व्हिसा, बर्फ, परीक्षा.” तिने कप खाली ठेवला. “नंतर आईने सांगितलं, की बाबांनीच त्याला येऊ नकोस म्हटलं होतं. मला ह्या दोघांचाही राग आहे. एकाने सांगितलं म्हणून दुसऱ्याने ऐकावं का?”

“बाबांनी तुला स्वतः कधी सांगितलं?”

“बाबा? बाबा असं काही बोलतात का? आईनेच सांगितलं.”

उत्तराताईंना ते लग्न आठवलं. बारातघराच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, फाटकाशी विश्वासराव उभे होते, शेरवानीवर मफलर. आत भटजी बोलावत होते, आणि हे येणाऱ्या प्रत्येक टॅक्सीत वाकून बघत होते. तेव्हा उत्तराताईंना वाटलं होतं, ऑफिसातले साहेब किंवा कुणी मोठे पाहुणे येणार असतील.

विश्वासराव घरी सापडले. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात काढलेला मनुष्य. भिंतीला लागून मंडळाच्या वार्षिक अंकांची रांग होती आणि प्रत्येक अंकाच्या पाठीवर नंबराची चिठ्ठी. त्यांच्या हातात गोंदाची बाटली होती.

“तुम्ही दिवाळीत एक अंक नेलात आणि परत दिला नाहीत,” ते म्हणाले. “आता पुढच्या सगळ्यांचे नंबर बदलतोय. मध्ये फट राहिली की बघणारा विचारतो, इथलं कुठे गेलं. नंबर सलग असले की कोणी विचारत नाही.”

“विश्वासराव, सिनेमा बघितलात का तुम्ही आधी?”

“सिनेमा नाही.” त्यांनी चिठ्ठी नीट दाबून बसवली. “शुक्रवारी फक्त त्याचा आवाज ऐकावा म्हटलं. तो घरात बोलतच नाही ना. म्हटलं सिनेमात तरी बोलत असेल.”

हे बोलून ते एकदम थांबले, बोलायचं नव्हतं ते बोलून गेल्यासारखे.

“आणि?”

“आणि काही नाही. तनयाच्या लग्नाला तो माझ्यामुळे आला नाही, एवढं समजा. मी कडक आहे. सगळ्यांना माहीत आहे ते.”

कुणी विचारलं नसताना दिलेला कबुलीजबाब उत्तराताईंनी नोकरीत पुष्कळदा ऐकला होता. तसं बोलणारा मनुष्य सहसा दुसऱ्या कुणासाठी बोलत असतो.

५

स्वयंपाकघरात गुळपोळ्यांचा वास होता. संध्याकाळच्या खेळानंतर मंडळाला वाटायच्या म्हणून सुहासिनी सकाळपासून लाटत होती. केस सगळे पिकलेले, कपाळावर पिठाची रेघ.

“ये गं. तू पण लाव हात. श्यामकांतांनी तुला भलत्याच कामाला लावलं म्हणे.”

“तू ऐकलास का सिनेमा?”

“मी? मला काय कळतंय त्यातलं. मारामारी आणि बर्फ.” तिने पोळी तव्यावर टाकली. “पण तो आलाय ना. बस. लोक म्हणताहेत, तुमचा मुलगा ॲक्टर आहे हे तुम्ही कधी बोलला नाहीत. मी म्हटलं, सरप्राइज होतं.”

ती हसली. ते हसू उत्तराताईंच्या ओळखीचं होतं. मंडळात ओव्या गाऊन झाल्यावर बायका सुहासिनीचे हात हातात घ्यायच्या, म्हणायच्या, तुमच्या गळ्यात साक्षात माया आहे, आणि ती अशीच मान खाली घालून हसायची. दिल्लीत वाढलेल्या कितीतरी पोरांना ओवी म्हणजे काय ते हिच्यामुळे कळलं.

उत्तराताईंना परत जावंसं वाटलं. मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात असं काही घेऊन यायचं नसतं. पण टॅक्सी निघाली होती, आणि बाहेरच्या खोलीत एक माणूस स्वतःवर गुन्हा ओढून घेऊन चिठ्ठ्या चिकटवत बसला होता.

“हे जरा ऐक,” त्या म्हणाल्या आणि हेडफोन तिच्या कानाला लावला.

सुहासिनीने मान तिरकी करून ऐकलं. आधी गोंगाट. मग गोंगाटाखालचा तो खोल, राक्षसी आवाज. लाज नाही वाटत, आणि मग एक श्वास, जिथे दुसरं कुणी थांबणार नाही नेमकं तिथे. आणि मग ‘तुला’, अलगद खाली ठेवलेला.

लाटणं थांबलं.

तिने हेडफोन काढून ओट्यावर ठेवला. तव्यावरची पोळी फुटली, गूळ बाहेर येऊन जळू लागला. दोघींपैकी कुणीच गॅस बंद केला नाही.

“कोण ही माणसं?” सुहासिनीने विचारलं. “हसतायत का?”

“त्यांना भाषा कळत नाही.”

“तुला कळलं.”

“हो.”

“अजून कुणाला?”

सुहासिनीने पदराने हात पुसले, नीट, एक एक बोट.

“ह्यांनी ऐकलं का?” तिने विचारलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून बॅग सरकवल्याचा आवाज आला. टॅक्सी फाटकाशी येऊन उभी होती.

६

अंशुमन दाराशी होता. तनया जिन्यातून धापा टाकत आली होती. श्यामकांत तिच्या मागून, पाहुण्यांना काय सांगू, हा एकच प्रश्न घेऊन. विश्वासराव अंकांच्या रांगेपाशी उभे.

“पाच मिनिटं थांब, अंशू,” उत्तराताई म्हणाल्या. “फाइल कुणी काढली ते सांगते, मग जा. तनयावर हा आळ राहायला नको.”

त्या बसल्या. त्यांना उभ्याने बोलवेना.

“घरातल्या चौघांच्या आणि श्यामकांतांच्या हाताशी ड्राइव्ह होता. ज्याने आवाज काढला त्याने आधी तो ऐकला असणार, नाहीतर पाचांतला नेमका तोच कसा सापडेल? श्यामकांतांनी ऐकला नाही. ते आज सकाळपर्यंत त्याला फिनिश समजत होते.”

“काय? फिनिश नाही?” श्यामकांत म्हणाले. उत्तराताई पुढे बोलत राहिल्या.

“अंशुमनला तो काढायचाच होता. पण त्याने काढला असता तर जागी दुसरा आवाज ठेवला असता. आणि नंबर बदलले की काय गोंधळ होतो ते त्याला आणि तनयाला दोघांनाही माहीत आहे. सुहासिनीने आज, आत्ता पहिल्यांदा ऐकला. मी तिचा हात बघत होते.” त्यांनी अंकांच्या रांगेकडे बघितलं. “उरला एक. ज्याला कॉम्प्युटर येतो पण सिनेमा कसा जोडतात ते ठाऊक नाही. ज्याने उभ्या आयुष्यात फायलींची पानं सांभाळली. मधलं एक पान काढलं तर पुढची सगळी पानं सलग करायची, म्हणजे बघणाऱ्याला फट दिसत नाही. चोराने तीन नंबर नुसता पुसला असता. ह्याने चारचा तीन केला आणि पाचचा चार. म्हणून खलनायकाच्या तोंडून वारा आला.”

तनयाने बाबांकडे बघितलं. मग अंकांवरच्या ओल्या चिठ्ठ्यांकडे.

विश्वासरावांनी चष्मा काढला.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “मी काढली. प्रत ठेवली आहे, नष्ट केलेली नाही. तशी माझी सवय नाही.”

“का, बाबा?” तनया.

“कारण तो आवाज माझा आहे. मीच बोललो होतो ते फोनवर. यंत्राने बदललाय, पण मला ओळखू आला. सगळ्या मंडळासमोर वाजला असता. मला लाज वाटली. झालं?” ते अंशुमनकडे न बघता म्हणाले, “तुझी गाडी थांबली असेल.”

उत्तराताई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. कोर्टात त्यांनी कितीदा शपथेवर सांगितलं होतं, हा आवाज ह्याचा आहे, हा ह्याचा नाही. आज ते वाक्य त्यांच्या तोंडात होतं आणि ते उच्चारायचा हक्क त्यांना नव्हता. एका निजलेल्या घरात आपण चपला घालून शिरलो, असं त्यांना वाटत होतं.

अंशुमनने बॅग खाली ठेवली.

“बाबा, तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत? मूळ निरोप?”

“ऐकला.”

“मग आवाज कुणाचा आहे ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. मी तो हजारदा ऐकलाय.” तो एक पाऊल पुढे आला. “आवाजाचं मी कधी विचारलंच नसतं. मला त्यातल्या एका वाक्याचं विचारायचंय. बाबांना तुझं तोंड बघायचं नाही. हे तुम्ही म्हणाला होतात?”

विश्वासरावांनी चष्मा पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

“म्हणालो असेन,” ते म्हणाले.

“असेन नको, बाबा. त्या वाक्यावर मी तिकडे राहिलो. हो की नाही?”

“हो,” विश्वासराव म्हणाले. “म्हणालो होतो.”

अंशुमनने मान हलवली, एखादी पावती मिळाल्यासारखी, आणि बॅगेचा पट्टा उचलला. तनया रडू लागली होती, आवाज न करता. श्यामकांत हळूच दाराबाहेर निघाले, पण सुहासिनी दारातच येऊन उभी राहिली होती, हाताला पीठ, आणि तिला ओलांडून जाणं कुणालाच शक्य नव्हतं.

“थांबा, श्यामकांत,” ती म्हणाली. “तुम्ही पण ऐका. मंडळात सांगायला लागेल तुम्हालाच.”

“सुहास, तू आत जा,” विश्वासराव म्हणाले.

“खोटं बोलतायत हे.” ती मुलाकडे बघत होती. “ह्यांनी कधीच तसं म्हटलं नाही, अंशू. ह्यांनी तुझं तिकीट काढून ठेवलं होतं, मला सांगितलं होतं, कळव त्याला. तू तेव्हा हौसेने फोटो पाठवलास, तो मुखवटा घालून बर्फात उभा असलेला. आणि मी इथे सगळ्यांना सांगून बसले होते, मुलगा मोठ्या कंपनीत आहे. तू लग्नात आला असतास तर चार बायकांनी तुलाच विचारलं असतं, कुठल्या कंपनीत, आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. मला तुझी लाज वाटली. आणि आई असून लाज वाटते हे माझ्या नावाने सांगायचीही लाज वाटली, म्हणून ह्यांचं नाव घातलं. तनूलाही तेच सांगितलं. हे इतकी वर्षं विचारत राहिले, तो का येत नाही गं, आणि मी म्हणायची, कामात असेल.”

तिने श्वास घेतला.

“ह्यांनी नाही रे. तुझं तोंड बघायचं नव्हतं ते मला.”